टेकडीवरची तीन दिवसांची रिट्रीट: पाचपैकी चार स्टार, एक गादीसाठी कापला

रिट्रीट म्हणजे घर-काम सोडून काही दिवस प्रार्थनेसाठी शांत जागी जाऊन राहणं. आधीच सांगतो, जागेचं नाव लिहीत नाहीये. दोन-तीन तक्रारी आहेत आणि तिथल्या सिस्टर लोकांनी इतकं प्रेमाने जेवू घातलंय की नाव घेऊन तक्रार करायला जीभ रेटत नाही. म्हापशाच्या पुढे, बारदेशातली एक टेकडी, आजूबाजूला काजू, खाली भातशेती, एवढं पुरे. ज्यांना कळलं त्यांनी गप्प राहा.

मी मूळचा नगरकडचा, वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट ड्युटी, राहायला वास्को. चर्च म्हणाल तर आमची लहानशी मराठी प्रोटेस्टंट फेलोशिप आहे, पन्नास-साठ माणसं, आणि लहान मंडळीत काय होतं तुम्हाला माहितीये, जो हो म्हणतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. पहाटे पाचला फोनवर प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी क्वायर, रविवारी संडे स्कूल, मधे कुणी आजारी असलं तर भेटायला जाणं, आणि हे सगळं नाइट शिफ्ट सांभाळून. मला वाटायचं मी फार आध्यात्मिक माणूस आहे. मग एकदा बायको शांतपणे म्हणाली, देवाचं तू इतकं करतोस पण घरात आलास की तुझ्याशी बोलायची भीती वाटते. भांडली असती तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात एका कॅथलिक सहकाऱ्याने या रिट्रीटचं सांगितलं आणि मी चिडूनच नाव दिलं.

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, राहणं जेवण धरून अडीच हजार. नसतील तर जमेल तेवढे द्या म्हणाले, कुणी हिशोब विचारत नाही. वास्कोहून पणजी, पणजीहून म्हापसा बसने मस्त गेलो, पुढचा तुकडा मात्र टॅक्सी, आणि त्या सहा-सात किलोमीटरला जे पैसे गेले ते इथे लिहिलं तर पुन्हा राग येईल आणि रिट्रीटचा उपयोग शून्य.

पोचल्यावर फोन काढून घेतात. कापडी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, ऑफिसच्या कपाटात. घरचा इमर्जन्सी फोन आला तर लॅंडलाइनवर. पहिले दोन तास माझा हात सारखा खिशाकडे जात होता, सिगरेट सोडलेल्या माणसासारखा.

आता मुख्य. संध्याकाळी प्रत्येकाला फादरांशी पंधरा-वीस मिनिटं एकट्याने बोलायला मिळतं. म्हातारे, जाड चष्मा, मराठी बोलतात पण मधेच कोकणीत घसरतात. मी तयारीत गेलेलो, डायरी घेऊन, प्रार्थनेत मन लागत नाही, वचन वाचताना झोप येते, देव लांब गेल्यासारखा वाटतो वगैरे. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, रोज किती तास झोपतोस? म्हणलं साडेचार, कधी पाच. मग त्यांनी बायबल उघडलं, 1 राजे 19, आणि मला वाचायला लावलं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय, आणि देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन झोपतो, परत उठवून परत खायला घालतो, आणि त्यानंतर कुठे होरेब डोंगरापर्यंतचे चाळीस दिवस आणि तो शांत, मंद आवाज. हा अध्याय मी संडे स्कूलला कित्येकदा शिकवलाय! पण दरवेळी भाकर पटकन उरकून आवाजावर उडी मारायचो. फादर म्हणाले, आज प्रार्थना नाका, वच आनी न्हिद. म्हणजे प्रार्थना नको, जा आणि झोप.

मी साडेआठला झोपलो. गादीचं पुढे सांगतो.

शनिवारी सकाळचं सेशन त्यांचंच होतं. इग्नेशियस लोयोलावर. जेजुइट लोकांचा, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा, संस्थापक एवढंच मला माहीत होतं, आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर पॅरिसला त्याचे रूममेट होते हेही माहीत होतं कारण गोव्यात राहून ते कानावर पडतंच. पण हा इग्नेशियस 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावात राहिला तेव्हा त्याने उपास, जागरण, केस-नखं न कापणं, सगळा अतिरेक केला आणि पोट कायमचं खराब करून घेतलं, हे नव्हतं माहीत. आणि नंतर तोच माणूस 1548 मध्ये बोर्जिया नावाच्या एका ड्यूकला पत्रात लिहितो की प्रार्थनेचा वेळ निम्म्यावर आण आणि पोटाची काळजी घे. निम्म्यावर! संत माणूस दुसऱ्याला प्रार्थना कमी कर म्हणतोय. आमच्या फेलोशिपमध्ये हे वाचून दाखवलं तर काय होईल या विचाराने मला मौनात हसू आलं, ते शेजारच्या बाईंना आवडलं नाही.

हो, मौन. शुक्रवार रात्रीपासून रविवारच्या नाश्त्यापर्यंत. फक्त फादरांशी आणि कामाच्या वेळी गरजेपुरतं बोलायचं. सोपं आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पहिल्या दिवशी डोक्यात बाजार भरतो.

दुसरं सेशन बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं, पूर्ण इंग्रजीत, स्लाइड लावून दीड तास. आयुष्याचं चाक म्हणून एक गोल, त्याच्या आठ फोडी, देव, कुटुंब, आरोग्य, करिअर, पैसा, मित्र, छंद, सेवा, आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क द्या. मी इमानदारीत दिले, देवाला आठ, आरोग्याला तीन. नंतर कागदाकडे बघत बसलो तर डोक्यात आलं, अरे यात देव आणि जिम शेजारी शेजारी आहेत, एकाच मापाच्या. मला हे खटकलं. आमच्या आजोबांची बैलगाडी होती, लाकडी चाकाची, लहानपणी तिच्या चाकावर चढून बसायचो. त्यात आरे असतात, बाहेरून लोखंडी धाव असते आणि मधोमध तुंबा, त्यातून आख जातो. सगळे आरे तुंब्यात बसलेले. आजोबा चाक कुरकुरलं की आऱ्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत, सरळ वंगणाचा डबा घेऊन तुंब्याकडे. मी आठ वर्षं आरे मोजत होतो. संध्याकाळी फादरांना हे सांगितलं तर त्यांनी तुंबा शब्द दोनदा म्हणून बघितला आणि वहीत लिहून घेतला, मग विचारलं, वंगण किती दिवसांनी घालायचे रे? म्हणलं लांबच्या खेपेला निघायच्या आधी, दरवेळी. एवढंच बोलणं झालं, ते काहीच समजावत बसले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त कुठे मिळालं विचाराल तर किचनमध्ये. अकरा ते साडेबारा प्रत्येकाला काम वाटून देतात, बाग, चॅपल, किचन. मला भांडी. पन्नास माणसांच्या नाश्त्याची भांडी, त्यात तळाला करपलेलं दुधाचं पातेलं. मनात म्हणलं अडीच हजार देऊन मी भांडी घासतोय. आदल्या रात्री फादरांनी ब्रदर लॉरेन्सचं सांगितलं होतं, सतराव्या शतकातला पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला आचारी, जो म्हणायचा की कामाच्या गडबडीत आणि गुडघ्यावर असताना देवाचं सान्निध्य मला सारखंच. हे मी आधीही ऐकलं होतं आणि माझं मत असं होतं की ठीक आहे, त्याला ना हप्ते होते ना नाइट शिफ्ट. पण मूळची गोष्ट वेगळीच निघाली. त्याला किचनचं काम मनापासून आवडायचं नाही. आधी सैनिक होता, एका पायाने अधू झालेला, आणि त्याला वाईन खरेदीला बर्गंडीला पाठवायचे तेव्हा तो बोटीत चालता येत नाही म्हणून पिंपांवरून घसरत घसरत जायचा. आणि धंद्याची अक्कल नसताना देवाला सांगायचा, हे तुझंच काम आहे. हा माणूस मला एकदम जवळचा वाटला, कारण न आवडणारं काम मला चांगलंच समजतं.

तर पातेलं घासत होतो. शेजारी तिथली आचारी मावशी खोबरं वाटत होती, मसाल्याचा वास, बाहेर धो धो पाऊस. बारा वाजले आणि घंटा झाली. मावशीने डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले, क्रूसाची खूण केली, ओठ हलले, मिनिटभर, आणि परत डाव हातात. आंजेलुस म्हणतात त्याला, सकाळी, दुपारी, संध्याकाळी घंटा होते. मी प्रोटेस्टंट माणूस, मरियेला उद्देशून प्रार्थना मला जमत नाही आणि ते मी फादरांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले नको म्हणू, पण मधली एक ओळ तुमच्याच योहानाच्या पहिल्या अध्यायातली आहे, शब्द देही झाला आणि आमच्यामध्ये राहिला, ती तर म्हणशील? आता हात साबणाचे, समोर करपलेलं पातेलं, आणि आमच्यामध्ये राहिला. आमच्यामध्ये म्हणजे इथेसुद्धा ना. मला रडू वगैरे आलं नाही, अंगावर काटाही नाही, फक्त घाई नव्हती. आठवत नाही शेवटचं कधी तसं झालं होतं.

त्या दिवशी पातेलं चकचकीत झालं नाही, मावशीने परत घासलं.

दुपारी दोन ते चार झोप सक्तीची आहे, चॅपललाही कुलूप. बाहेरचे लोक सुशेगाद, म्हणजे निवांत-आळशी, म्हणून गोयकारांची चेष्टा करतात, त्यांना दोन ते चार इथे आणून झोपवा. रात्री नऊला एक्झामेन, म्हणजे दिवस देवासमोर उलगडून बघायचा. आभार, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासून एकेक क्षण, जिथे चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी मदत. पंधरा मिनिटं. मी फक्त एक दिवस न बघता मागचा पूर्ण आठवडा बघितला आणि जिथे देव जवळ वाटला होता ते क्षण लिहिले. पहाटे तीनला कंपनीच्या कॅंटीनमध्ये पावसाकडे बघत घेतलेला चहा. मुलीला गणित शिकवताना ती हसली ती वेळ. शेजारच्या आजींनी दारात दिलेली पोयांची, म्हणजे गोव्याच्या पावांची, पिशवी. मीटिंगांपैकी एकही नाही. ज्यांच्यासाठी मी झोप मोडली, बायकोवर ओरडलो, त्यातलं एकही नाही, आणि हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो हलकं वाटलं.

आता तक्रारी. एक, गादी. जुलै महिना, गोवा, समजू शकतो, पण गादीला बुरशीचा वास येत होता, उशीलाही. चादर स्वतःची न्या, ओडोमॉस न्या, आणि ओलं सुकवायला दोरी. दोन, शनिवारी रात्री लाइट गेली ती दोन तास, इन्व्हर्टर फक्त चॅपलला. तीन, भाषा. आधी कोकणी-मराठी चालेल सांगितलं होतं पण पाहुण्यांचं सगळं इंग्रजीत, मागे बसलेल्या दोन बायकांना काही कळलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ज्या गोव्यात 1616 ला राचोलला थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं, तेही इंग्रज पाद्र्याने लिहिलेलं, तिथे 2020 नंतर आम्हाला स्लाइडवरून इंग्रजी वाचावं लागतंय. चॅपलमध्ये एक मराठी बायबल होतं, पाठ फाटलेलं पण होतं, त्याचे मार्क देतो.

प्रोटेस्टंट लोकांसाठी एक, रोज मिस्सा (कॅथलिक उपासना) आहे आणि कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, तुम्हाला मिळणार नाही, आधीच प्रेमाने सांगतात. मला रविवारी ते जड गेलं, सगळे उठून रांगेत आणि आपण बसलेलो. मी मनात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन म्हणत बसलो, आमच्या नगरला बरीच वर्षं राहिलेले ते.

जेवण पैकीच्या पैकी. सकाळी गरम पोयी आणि पातळ भाजी, दुपारी शितकडी, शनिवारी बांगडा, तळलेला, प्रत्येकी दोन आणि मागितला तर तिसरा. उपास करायचाच असेल तर करू देतात पण फादर आधी कारण विचारतात.

परत आल्यावर काय बदललं? पहाटे पाचची प्रार्थना नाइट शिफ्टच्या आठवड्यात बंद केली, दोन लोक नाराज आहेत. क्वायर दुसऱ्याला दिला, तो माझ्यापेक्षा बरा गातो हे आता कळतंय. दुपारी बाराला मोबाइलवर अलार्म लावलाय, लॅबमध्ये असलो तर हातातलं भांडं ठेवून एक मिनिट, कलीग विचारतात गोळी घ्यायचीय का, मी हो म्हणतो. एक्झामेन आठवड्यातून चार दिवस होतो, तीन दिवस झोप लागते.

कुणी जावं? ज्यांचं देवाशी भांडण झालंय त्यांनी, आणि ज्यांचं काहीच भांडण नाही, नुसता कामाचा संबंध उरलाय, त्यांनी तर नक्की. ज्यांना चमत्कार, मोठी साक्ष, स्टेजवर काही घडायला पाहिजे त्यांनी जाऊ नका, इथे भांडी मिळतील.

नोव्हेंबरमध्ये परत जायचा विचार आहे, तेव्हा गादी सुकलेली असेल. बायकोला चल म्हणलं तर ती म्हणाली, तू तिथे तीन दिवस गप्प असतोस ना, मग मी घरीच बरी, मला पण रिट्रीट मिळते.