बैलाचं मनोगत की बैलाची खांदशेकणी? इंग्रजीच्या वहीसाठी विषय निवडताना

जूनअखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात. आठवी-नववीच्या वर्गात इंग्रजीची रोजची लेखनवही सुरू करायची असेल, तर पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं की पोरांना स्वतःच्या दिवसाबद्दल लिहायला द्यायचं की कल्पनेतलं. दोन्ही चालतं, आणि दोन्ही चालवणारे चांगले शिक्षक आहेत. मी दोन्ही वापरून आता स्वतःच्या दिवसाकडे झुकलो आहे. कारण खाली आहे, पण ते मराठी माध्यमाच्या खेड्यातल्या वर्गांपुरतंच धरावं.

पोळ्याचा आठवडा घ्या. कल्पनेचा विषय ठरलेला: ‘इफ आय वेअर अ बुल’. वैयक्तिक विषय असा देता येतो: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या घरी किंवा शेजारी बैलाची खांदशेकणी (खांद्याला हळद-तूप चोळणं) कशी झाली? बैल एकच, पण वहीत पडणारं इंग्रजी अगदी वेगळं.

पहिल्या विषयाला पहिल्याच वाक्यात ‘आय’सोबत ‘वेअर’ लागतं, आणि पुढे प्रत्येक वाक्यात ‘वुड’ आणि त्यामागे मूळ क्रियापद. आठवीतलं पोरगं अजून ‘आय वॉज वेंट टू मार्केट’ लिहितं, कारण डोक्यात ‘गेलो होतो’ असतं आणि ‘होतो’साठी ‘वॉज’ आपसूक येतं. त्याच्यावर अजून साधा भूतकाळ बसलेला नाही, आणि आपण त्याला थेट ‘असतो तर’च्या वाक्यात उतरवतो. खांदशेकणीला लागतात वॉश, रब, पेंट, टाय. या चारही क्रियापदांचा भूतकाळ शेवटी ‘डी’ किंवा ‘ईडी’ लावून होतो. बैल धुतला, खांद्याला हळद-तूप चोळलं, शिंगं रंगवली, गळ्यात घाटी (घंटा) बांधली. क्रम पोराला पाठ आहे, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष इंग्रजीकडे राहतं.

तरी माझ्यापुरता निकाल लागला तो व्याकरणावरून नव्हे, गाईडवरून. मराठीत मनोगत आणि आत्मवृत्त ही निबंधाची जुनी चाल आहे. नदी बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, शेतकरी बोलतो. इंग्रजीच्या गाईडमध्येही हेच विषय तयार मिळतात. ‘तुम्ही पक्षी असता तर’ असं फळ्यावर लिहिलं की चाळीसपैकी बहुतेक वह्यांत निळं आकाश, हिरवी शेतं आणि ‘आय वुड बी फ्री’ याच क्रमानं उतरतं. वाक्यं बिनचूक असतात, आणि त्रास नेमका तोच आहे. कोणाला ‘ही’ आणि ‘शी’तला फरक कळत नाही, कोण क्रियापद मराठीसारखं शेवटी टाकून ‘माय मदर कॉटन पिक्स’ लिहितो, हे पाठ केलेल्या ओळींत दिसतच नाही. एका वहीला दीड मिनिट धरलं तर चाळीस वह्यांना तासभर जातो, आणि त्या तासात पोराबद्दल काहीच कळत नसेल तर वही तपासायची कशाला?

वैयक्तिक विषय आपोआप या रोगापासून वाचतो असं मात्र नाही. ‘माय मदर’ दिलात तर ‘शी इज व्हेरी काइंड’ हेही गाईडचंच येणार. विषय इतका बारीक करावा लागतो की पुण्या-मुंबईत बसून गाईड लिहिणाऱ्याला त्याचं उत्तर देता येऊ नये. विषय फळ्यावर लिहिण्याआधी मी हीच कसोटी लावतो. आई कशी आहे, असं विचारू नका. आज सकाळी चुलीवर काय होतं आणि ते कोणी उतरवलं, ते विचारा. ‘माझं गाव’ देण्याऐवजी पांदण रस्त्यावर पहिल्या पावसानंतर बंडी (बैलगाडी) कुठं फसते, ते विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत फक्त आईच्या हातांबद्दल सहा ओळी मागा. मग ‘ड्राय बोंड प्रिक्स. हर फिंगर्स हॅव स्मॉल कट्स’ अशी ओळ येते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोचतात हे त्या पोरीनं पाहिलेलं असतं, म्हणून तिला ‘प्रिक’ हा शब्द हवा असतो, आणि असा मागून घेतलेला शब्द टिकतो.

शब्दांची अडचण दोन्हीकडे येते. ‘सर, डवऱ्याले इंग्लिशमंदी काय म्हणते जी?’ हे सुरू झालं की दहा मिनिटं त्यातच जातात. उपाय सोपा आहे. वावर (शेत), पऱ्हाटी (कपाशीचं झाड), डवरा (कोळपणीचं अवजार), तुतारी (बैल हाकायची काठी) असे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे लिहून खाली रेघ मारू द्या. वहीचं डावं पान शब्दांसाठी मोकळं ठेवा आणि उजव्या पानावर लेखन करू द्या. रेघ मारलेले शब्द दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या, पण पाचाच्या वर नको.

वेचणीच्या हंगामात हजेरी घसरते, आणि तिथेही वैयक्तिक विषय बरा पडतो. कल्पनेची क्रमशः गोष्ट चालू ठेवली तर चार दिवस वावरात गेलेलं पोरगं परत आल्यावर मागेच राहतं. रोजचा विषय स्वतंत्र असेल तर त्या दिवशी सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं त्याच्याकडेच असतं.

आता कल्पनेच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगायला हवं. काही पोरांना स्वतःबद्दल लिहायचं नसतं, आणि त्यांना बैलाच्या किंवा नदीच्या आड उभं राहायला जागा लागते. आपल्या भागात शेतकरी आत्महत्येचं दुःख अनेक घरांनी पाहिलं आहे. इथे ‘माझे वडील’, ‘आमच्या घरची अडचण’, ‘माझा सर्वांत दुःखाचा दिवस’ हे विषय सगळ्या वर्गाला कधीच देऊ नयेत. वैयक्तिक म्हणजे खासगी नव्हे. वस्तू, काम, रस्ता, जेवण, जनावर, हवामान एवढ्यावर वर्ष निघतं. तरीही फळ्यावर रोज दोन विषय असावेत आणि त्यातला एक कल्पनेचा असावा. ज्याला पान दाखवायचं नसेल त्यानं ते दुमडावं. दुमडलेलं पान वाचणार नाही असं सांगितलं असेल तर खरंच वाचू नये. उघड्या पानावर मारहाणीचं किंवा जिवाच्या धोक्याचं काही दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. चाईल्डलाइनचा 1098 हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.

दहावीच्या 80 गुणांच्या लेखी पेपरात दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट लिहिण्याचा पर्याय असतो, म्हणून कल्पना पूर्ण सोडता येत नाही. फळ्यावरचा रोजचा कल्पनेचा विषय ऐच्छिकच राहू द्यावा, पण सगळ्या वर्गासाठी माझ्या मते ती नववीच्या दुसऱ्या सत्रापासून, पंधरा दिवसांतून एकदा आणि साध्या भूतकाळात आणावी. ‘असतो तर’ नको. शेवटची एसटी चुकली, स्टँडवर एक अनोळखी पिशवी होती, पुढे लिहा. झाडीपट्टीकडच्या (पूर्व विदर्भातल्या) शाळांना दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम हाताशी आहेच: पडदा उघडला आणि राजा आलाच नाही, मग काय झालं?

वेळ आठ मिनिटं, तासाच्या सुरुवातीला. कमीत कमी सहा ओळी. पहिल्या महिन्यात पहिली ओळ फळ्यावर अर्धी लिहून द्या, नाहीतर पाच मिनिटं पेनच उघडत नाही. रोज दहाच वह्या उचला, म्हणजे चार दिवसांत चाळीस होतात. एका महिन्यात एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा: जुलैत ‘वॉज वेंट’, ऑगस्टमध्ये ‘ही’ आणि ‘शी’. बाकी चुका दिसल्या तरी लाल पेन आवरा, कारण सगळं पान लाल झालं की पुढच्या दिवशी सहाच्या तीन ओळी होतात.