बायपासमध्येही न जुळणारा ट्यूनर : एका पोर्टेबल हॅम सेटचा दीड वर्षाचा अनुभव

सुमारे दीड वर्षापूर्वी मी एक लहान एचएफ सेट (हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे हॅमचा, लघुलहरींवर बोलण्या-ऐकण्याचा सेट) सेकंड-हँड विकत घेतला. दहा वॅटचा, आतच बॅटरी असलेला, पाठीवरच्या पिशवीत सहज मावणारा आणि मुख्य म्हणजे ज्याच्या पोटातच स्वयंचलित अँटेना ट्यूनर (कोणतीही तार सेटच्या ५० ओहमशी जुळवून देणारे मंडल) बसवलेला आहे असा हा सेट आहे. या लेखात परीक्षण संपूर्ण सेटचे नाही, त्यातील ट्यूनरचे आहे. रिसीव्हर किती शांत आहे, ध्वनी कसा आहे यावर पुष्कळांनी लिहिले आहे. कंपनीचे आणि नमुन्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या दोषाबद्दल पुढे लिहिले आहे तो माझ्या हातातील एकाच जुन्या नगाचा होता, आणि माझ्या अंदाजाने त्याचे पाप कारखान्यापेक्षा पर्वरी ते केरी या रस्त्यावर धावणाऱ्या माझ्या स्कूटरच्या डिकीकडे अधिक जाते.

गोव्यात पोर्टेबल काम करणाऱ्याला ट्यूनर का हवा, हे आधी सांगणे आवश्यक आहे. वारंवारतेच्या प्रत्येक पट्ट्यासाठी नीट मापाचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना) टांगण्याइतकी जागा आणि वेळ घराबाहेर क्वचितच मिळतो. किनाऱ्यावर सुरूची झाडे असतात, वाडीत माड असतात; दगडाला दोरा बांधून फेकला की एक तार वर जाते आणि तिच्यावरच ८० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यापासून १० मीटरच्या पट्ट्यापर्यंत सगळे भागवावे लागते. (माडाच्या शेंड्यापर्यंत तार न्यायची असेल तर पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) विनंती करावी, माझ्या दगडफेकीवर तो जे हसला ते मी विसरलेलो नाही.) सड्यावर तर परिस्थिती आणखी बिकट असते. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, जमीन म्हणून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि त्यामुळे पाच-सहा मीटरची एखादी काऊंटरपॉइज, म्हणजे जमिनीची जागा घेणारी, तार खाली पसरल्याशिवाय कोणताही ट्यूनर धड वागत नाही.

या सेटमधील ट्यूनरची रचना नेहमीचीच, म्हणजे एल आकाराची आहे. मार्गात ओळीने इंडक्टर, जमिनीकडे कपॅसिटर, प्रत्येकाचे मूल्य आधीच्याच्या साधारण दुप्पट, आणि प्रत्येकाला आत-बाहेर करणारा एकेक रिले. सात इंडक्टर, सात कपॅसिटर आणि कपॅसिटर सेटच्या बाजूला ठेवायचे की अँटेनाच्या बाजूला हे ठरवणारा एक रिले धरला तर ३२,७६८ जुळण्या होतात. सेट स्वतःच कमी शक्तीचा वाहक सोडतो, परत येणारी शक्ती मोजतो आणि काही सेकंद टरटर असा आवाज करून सर्वांत चांगल्या जुळणीवर थांबतो. रिले लॅचिंग जातीचे आहेत. एकदा कूस बदलली की ते वीज न घेता तसेच राहतात. बॅटरीवर चालणाऱ्या सेटसाठी ही योजना उत्तम आहे, आणि निदानाच्या वेळी तिचा मला एक अनपेक्षित उपयोगही झाला, तो पुढे येईलच.

पहिले आठ-नऊ महिने मी या ट्यूनरवर अतिशय खूश होतो. साडेबारा मीटरची तार, तिच्या मुळाशी नऊस एक गुणोत्तराचा अनअन (अवरोध कमी करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि सहा मीटरची काऊंटरपॉइज एवढ्या सामग्रीवर तो ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झ) आणि २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झ) पट्ट्यांत दोन-तीन सेकंदांत १.३च्या आत येई. हा आकडा एसडब्ल्यूआरचा, म्हणजे जुळणी किती चांगली आहे याचा; १ म्हणजे परिपूर्ण जुळणी. त्याच जागी दुसऱ्यांदा बसलो की आधीची जुळणी स्मृतीतून काढून एकाच ‘टक्’ आवाजात तयार होई.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा केरीच्या किनाऱ्यावर बसलो तेव्हा २० मीटरवर ट्यूनर नेहमीपेक्षा बराच वेळ टरटरला आणि २.८वर थांबला. पुन्हा प्रयत्न केला तर ३.१. एसडब्ल्यूआर ३ म्हणजे एक चतुर्थांश शक्ती परत, आणि सेटने स्वसंरक्षणासाठी बाहेर पडणारी शक्ती आणखी खाली आणली ते वेगळेच. ४० मीटरवर मात्र सारे काही सुरळीत होते. ही एक गोष्ट मला पुढे कित्येक दिवस चुकीच्या दिशेने घेऊन गेली, कारण एका पट्ट्यावर ट्यूनर चालतो याचा अर्थ तो धडधाकट आहे असे मी धरून चाललो.

संशय साहजिकच अँटेनावर गेला, आणि तिथे दोष सापडलेही, हीच पंचाईत होती. कोॲक्सच्या (सेट आणि अँटेना जोडणाऱ्या केबलच्या) बीएनसी जोडणीवर खाऱ्या वाऱ्याने हिरवी पुटे चढली होती. ती कापून नवी लावली. थोडा फरक पडला. मग आठवले की पावसाळ्यात तुटलेल्या तारेला जोड देताना मी तिची लांबी सुमारे वीस मीटर करून ठेवली होती. ही लांबी ७.१ मेगाहर्ट्झवर अर्ध्या तरंगलांबीची आणि १४ मेगाहर्ट्झवर पूर्ण तरंगलांबीची होते. अशा तारेच्या टोकाशी काही हजार ओहमचा अवरोध असतो. तिला एकोणपन्नासास एक गुणोत्तराचा ट्रान्सफॉर्मर लागतो. माझा नऊस एकचा अनअन वापरला तर सेटमधल्या इवल्याशा ट्यूनरकडून फारच मोठी अपेक्षा केल्यासारखे होते. तार पुन्हा साडेबारा मीटर केली. कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून शक्ती सेटपर्यंत परतते की काय, या शंकेने फेराइटच्या कड्यावर केबलचे दहा वेढे घेऊन चोकही बसवला, आणि ट्यूनरची स्मृती पुसली, कारण बदललेल्या अँटेनासाठी जुनी जुळणी समोर येत राहिली तर आकडे फसवे येतात. एवढे सगळे करून २० मीटरवरचा आकडा २.८ वरून २.५ वर आला. ४० मीटर अजूनही निर्दोष.

म्हापशाच्या बाजूला राहणारे एक ज्येष्ठ हॅम आहेत, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांना मी हे सगळे सविस्तर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “अरे, पण डमी लोड लावून पाहिलास का?” मी पाहिले नव्हते. सेट विकत घेतल्यापासून एकदाही नव्हते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण हे परीक्षण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनीही पाहिले नसेल अशी माझी खात्री आहे.

डमी लोड म्हणजे ५० ओहमचा शुद्ध रोध. ट्यूनर बायपासमध्ये, म्हणजे सगळे इंडक्टर आणि कपॅसिटर मार्गाबाहेर असताना, त्यावर प्रत्येक पट्ट्यात एसडब्ल्यूआर १च्या अगदी जवळ दिसलाच पाहिजे. अँटेना, झाडे, जमीन, हवामान यांपैकी कशाचाच इथे संबंध नसतो. माझ्या सेटवर ३.६ मेगाहर्ट्झला १.६, ७.१ मेगाहर्ट्झला २.४ आणि १४.१ मेगाहर्ट्झला ५च्या आसपास आकडा आला. अर्थ स्पष्ट होता. पडदा ‘बायपास’ म्हणत असला तरी काहीतरी मार्गात अडकून राहिले होते.

हे आकडे थोडे अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहेत. १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर ७.१ मेगाहर्ट्झवर सुमारे ४५ ओहमची प्रतिक्रिया (रिॲक्टन्स, म्हणजे वारंवारतेबरोबर बदलणारा विरोध) देतो, १४.१ मेगाहर्ट्झवर सुमारे ८९ ओहमची. पन्नास ओहमच्या ओळीत एवढे जोडले तर येणारे एसडब्ल्यूआर कागदावर मांडून पाहिले; ते माझ्या तिन्ही वाचनांशी जुळले. मात्र केवळ एसडब्ल्यूआरवरून अडकलेला घटक इंडक्टर आहे की कपॅसिटर हे सांगता येत नाही, कारण दोन्ही बाबतींत आकडा वारंवारतेबरोबर तसाच चढत जातो. शिवाय ४० मीटरचे कोडेही इथेच सुटले. आखूड तार ८० आणि ४० मीटरवर जुळवताना ट्यूनरला इंडक्टन्स बहुतेक वेळा लागतोच. अडकून राहिलेला १ मायक्रोहेन्री त्याने हिशेबात धरून बाकीचे घटक त्याप्रमाणे निवडले आणि मला १.२ दाखवला. वरच्या पट्ट्यांवर तेवढा इंडक्टन्स जास्त होतो आणि तो काढून टाकणे ट्यूनरच्या हातात उरले नव्हते. ट्यूनर हुशार असल्यामुळेच दोष इतके दिवस लपून राहिला.

सेट उघडला. ट्यूनरचा फलक (सर्किट बोर्ड) मुख्य फलकावर पिनांच्या ओळीवर बसवलेला आहे आणि चार स्क्रू काढले की अलगद सुटतो. दुरुस्तीच्या दृष्टीने ही रचना मला फार आवडली. रिले लॅचिंग असल्यामुळे वीज नसतानाही ते बायपासच्या स्थितीतच राहिले होते, त्यामुळे फलक बाहेर काढून, अँटेनाच्या टोकाला ५० ओहम लावून, दुसऱ्या टोकाकडून नॅनोव्हीएनएने सरळ मोजता आला. नॅनोव्हीएनए हे तळहाताएवढे विश्लेषक उपकरण अशा कामात अमूल्य आहे, पण वापरण्यापूर्वी ओपन, शॉर्ट आणि लोड या तीन टोप्यांनी त्याचे कॅलिब्रेशन मोजमापाच्या नेमक्या ठिकाणी करावे लागते, आणि ट्रान्समिट होऊ शकणाऱ्या सेटला ते कधीही जोडू नये. उघड्यावर टांगलेल्या लांब तारेवर बांबोळीच्या पठाराजवळ मी ते एकदा लावले होते, तेव्हा आकाशवाणीच्या मध्यम लहरींनी त्याची रेघ थरथरत होती. घरातल्या टेबलावर असा काही त्रास नव्हता. स्मिथ तक्त्यावर (अवरोध दाखवणारा गोल आलेख) रेघ वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे इंडक्टरच्या बाजूला होती. म्हणजे इंडक्टरच.

त्या मूल्याचा टोरॉइड (कड्यावर तार गुंडाळून केलेला इंडक्टर) आणि त्याला बायपासमध्ये शॉर्ट करणारा रिले शोधायला वेळ लागला नाही. बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या टोकाने प्रत्येक रिलेवर हलकेच टिचकी मारत गेलो. तिसऱ्यावर मारताच पडद्यावरचा ठिपका उडी मारून मध्यभागी गेला आणि बोट काढताच परतला. भिंगाखाली रिलेच्या एका पिनेभोवती सोल्डरवर केसाएवढी वर्तुळाकार भेग दिसली. बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, थोडे फ्लक्स, नवीन सोल्डर, दोन मिनिटांचे काम. हाती सोल्डरिंग आयर्न होते म्हणून त्याच ओळीतील आणखी दोन संशयास्पद जोडही भरून घेतले.

दुरुस्तीनंतरची चाचणी मी अँटेनावर केली नाही. शंभर ओहमचे दोन वॅटचे मेटल ऑक्साइड रोध वापरून २५ ओहम आणि १०० ओहम असे दोन लोड तयार केले (तारेचे वेढे असलेले रोध घेऊ नयेत, ते स्वतःच इंडक्टर होतात). दोन्हींवर बायपासमध्ये एसडब्ल्यूआर २ यायला हवा आणि ट्यून केल्यावर तो १च्या जवळ जायला हवा. तीन वॅटवर ३.६ ते २१ मेगाहर्ट्झपर्यंत दोन्ही अटी पूर्ण झाल्या. २८ मेगाहर्ट्झवर निव्वळ डमी लोडवरही बायपासचा आकडा १.३ येतो. फलकावरील तांब्याच्या पट्ट्यांच्या लांबीचा तो परिणाम असावा, आणि तेवढ्यासाठी मी सेट पुन्हा उघडणार नाही.

आता मत. ट्यूनर म्हणून हा चांगला आहे. वेगवान आहे, बॅटरी खात नाही, योग्य लांबीची तार दिली तर क्वचितच निराश करतो. फलक सुटा असणे ही तर मोठीच जमेची बाजू. तक्रारी दोन. एक, निवडलेला इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स तो पडद्यावर दाखवत नाही. दाखवला असता तर घटकांच्या निवडीत काहीतरी गडबड आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळले असते. दोन, माहितीपुस्तिकेत ट्यूनरवरचा भाग पुरेसा मोठा आहे, स्मृती कशी पुसावी हेही त्यात आहे, पण डमी लोडवर बायपास तपासून पाहण्याचे एक वाक्यही नाही. ते पहिल्या पानावर असायला हवे होते.

ज्यांना लांब कोॲक्स केबलच्या टोकाला अयोग्य अँटेना चालवायची आहे त्यांनी मात्र हा ट्यूनर त्यासाठी घेऊ नये. सेटच्या बाजूला बसलेला ट्यूनर फक्त सेटला समाधानी करतो; केबलवर एसडब्ल्यूआर तसाच राहतो आणि आरजी-१७४सारख्या बारीक केबलमध्ये शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. त्यांनी अँटेनाच्या मुळाशी बसणारा बाहेरचा ट्यूनर पाहावा. तार थेट सेटला जोडणाऱ्यांसाठी, किंवा दोन-तीन मीटर केबलवर काम करणाऱ्यांसाठी, हा पुरेसा आहे.

जुना सेट घेणाऱ्यांनी व्यवहार ठरण्यापूर्वी विक्रेत्यासमोरच ५० ओहम लावून तीन पट्ट्यांवर बायपास तपासावा. पाच मिनिटे लागतात आणि विक्रेता हॅम असेल तर त्याला राग येण्याचे कारण नाही. माझा सेट आता स्कूटरच्या डिकीत जात नाही. स्पंज घातलेल्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह पाठीवरून जातो, आणि डमी लोड त्याच डब्यात असतो.