सोयाबीनच्या बनीमीसाठी (कापून रचलेल्या ढिगासाठी) घेतलेली 250 जीएसएमची ताडपत्री: वापरून कशी वाटली

आमच्याकडं मराठवाड्यात हस्ताचा पाऊस अन् सोयाबीनची काढणी एकदमच येते, त्यामुळं सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत घरात चांगली ताडपत्री असणं फार गरजेचं. मागच्या खरिपाला मोंढ्यातून 24 बाय 30 फुटाची, 250 जीएसएमची एचडीपीई (विणलेल्या प्लास्टिकची) ताडपत्री घेतली, साडेतीन हजाराच्या आसपास पडली, आता दुसरा हंगामही तिच्यावर निघालाय म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, घेताना वजन करून घ्या. पन्नीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढंच. 24 बाय 30 म्हणजे जवळपास 67 चौरस मीटर, म्हणजे 250 ची असेल तर साडेसोळा किलोच्या वर भरायला पाहिजे, 13 किलो भरली तर ती 200 चीच आहे मग वर काहीही छापलेलं असू दे. एका दुकानात काट्यावर ठेवा म्हटलं तर तो तयारच होईना, तिथून उठलो अन् दुसरीकडं घेतली. आयएसआय मार्क अन् आयएस 7903 (अशा ताडपत्रीचं सरकारी मानक) लिहिलंय का तेही बघा.

माल चांगला आहे. मागच्या वर्षी रात्रभर विजांसकट पाऊस झाला, सकाळी वरची पेंढी हातानं उचलून बघितली, शेंगा कोरड्या खडखडीत. निळी हलकी ताडपत्री घडीवर उन्हानं चिरते तसं हिचं अजून कुठं झालेलं नाही. कडेच्या शिवणीत दोरी आहे त्यामुळं वाऱ्यात ताण बसतो. कोपऱ्याचे आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) मात्र कच्चे, दोन उपटून आले, तिथं खडा गुंडाळून दोरी बांधतो अन् काम चालतं, पण एवढ्या पैशात आयलेट पक्के द्यायला पाहिजे होते.

आता खरं सांगायचं ते हे की ताडपत्री कितीही भारी असली तरी या दिवसांत ती कशी वापरता त्यावर सगळं आहे. जून-जुलैची सवय असते ना, झाकलं की झाकलं, ती आता मोडावी लागते. सकाळी दहिवर इतकं की धसकटातून चाललं तर पाय भिजतात, दुपारी ऑक्टोबरचं ऊन अंग भाजतं आणि चारनंतर ढग भरून येतात. अशात बनीम दिवसभर झाकून ठेवली तर आत वाफ धरते, ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब लोंबकळतात, तेच परत शेंगांवर पडतात आणि मग बुरशी, डागी दाणा. म्हणून दहिवर वाळलं की उघडायची, ढग दिसले की झाकायची, रोज. कंटाळा येतो, दोन माणसं लागतात, ओली झाली की अजून जड, पण करावंच लागतं. बनीम उंचवट्यावर घाला, भोवती चर काढा अन् खाली जुनी ताडपत्री नक्की टाका, पाणी वरून कमी आणि खालूनच जास्त लागतं.

हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्के धरतात, 2024 ला केंद्रानं 15 पर्यंत सूट दिली होती, पण मोंढ्यात व्यापारी दाताखाली दाणा धरून बघतो अन् तिथंच क्विंटलमागं पैसे कापले जातात. वाळलेल्या मालाला हा त्रास नाही.

2025 च्या सप्टेंबरला मांजरा, तेरणा, सीनाकाठी जे झालं त्याला कोणतीच ताडपत्री पुरली नसती, उभी पिकंच पाण्यात होती, अजून आठवलं की जीव कळवळतो. पण पीक कापून ठेवलंय अन् परतीचा पाऊस आलाय अशा वेळी ही टिकते.

मळणी झाली की धुऊन, कडक वाळवून, गुंडाळी करून उंचावर टांगा, ओली घडी उंदरांच्या तोंडी देऊ नका. रब्बीला कडबा झाकायला हीच लागते. आयलेट सोडले तर पैसे वसूल, 5 पैकी 4.