पॉलिशवाले गलाईवाल्याच्याच घरात शिरले

भांडी चकचकीत करायची पावडर घेऊन कोणी दारात आलं, तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. फुकट करून देतो म्हणाला, तर आणखी लवकर पाठवा. आमच्या घरात, सांगली जिल्ह्यातल्या विट्यात, जे घडलं ते सविस्तर लिहितेय, कारण पॉलिशच्या नावाखाली सोनं चोरणाऱ्या अशा टोळ्या गावोगाव फिरतात आणि त्यांची रीत सगळीकडे जवळपास सारखीच असते.

दुपारची वेळ. मी शाळेत, घरची पुरुषमाणसं कामावर. घरी सासूबाई एकट्या, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. इस्त्रीच्या शर्टातली दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. "आजी, विकत काही घ्यायचं नाही, कंपनीची जाहिरात आहे, नुसतं बघा." आधी पितळेची समई घेतली. पावडर लावली, फडक्यानं पुसली, समई लख्ख. मग आत्यांच्या पायातली जोडवी. तीही पांढरीशुभ्र. इथवर सगळं खरं होतं आणि डोळ्यांसमोर होतं. मग म्हणाले, "बांगड्या किती मळल्यात बघा, त्या पण करून देतो."

प्लॅस्टिकच्या टबात बाटलीतलं पिवळट पाणी ओतलं, बांगड्या त्यात बुडवल्या, बारीक ब्रशनं घासल्या. आमच्याच मगातल्या पाण्यात विसळल्या. टबातलं पाणी मात्र सांडू न देता परत बाटलीत भरून घेतलं. मग घरातली हळद मागितली. स्टीलच्या डब्यात हळदीचं पाणी, त्यात बांगड्या, वर घट्ट झाकण. "डबा गॅसवर ठेवा, दहा मिनिटं उघडू नका, नाहीतर चमक बसत नाही." आत्या डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि तेवढ्यात दोघं पसार झाले. हळदीचा चमकेशी काहीही संबंध नसतो. ती दहा मिनिटं पळायला हवी असतात, एवढंच.

डबा उघडला तर बांगड्या होत्या. चारही होत्या, चमकतही होत्या. त्यामुळं संध्याकाळपर्यंत कुणाला शंकासुद्धा आली नाही. रात्री भाकरी थापताना आत्या म्हणाल्या, हाताला हलकं लागतंय. उजेडात धरून पाहिल्या तर नक्षीचे कंगोरे झिजलेले, फुलांच्या पाकळ्या एकमेकींत मिसळलेल्या. सकाळी सराफाकडं वजन केलं. पावतीवरच्या वजनापेक्षा जवळपास तोळाभर कमी.

काही लोक हसले. दारात आलेल्याला बांगड्या काढून कशा दिल्या, म्हणाले. मला याचा फार राग आला आणि अजून येतो. आत्या बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षं सांभाळतायत, एक रुपया चुकत नाही. समई खरंच स्वच्छ झाली होती, जोडवी खरंच उजळली होती. दोनदा खरं दाखवून तिसऱ्यांदा हात मारायचा, यावरच हा सगळा धंदा चालतो. हसायचंच असेल तर त्या चोरांना हसा, आणि ते कुठं चुकतात हेही शिकून घ्या.

आमच्या बोळात एक तात्या राहतात. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायचं, शुद्ध करायचं. तात्यांचं सगळं आयुष्य कोइमतूरला भट्टीपुढं गेलं. त्यांना कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मगातलं पाणी टाकलंत का?" नव्हतं टाकलं. त्यांनी ते काचेच्या भांड्यात घेतलं, हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून त्यात हळूहळू सोडलं आणि भांडं झाकून ठेवलं. थोड्या वेळानं तळाशी कॉफीच्या रंगाचा गाळ बसलेला दिसला. चिमूटभरसुद्धा नव्हता. तो धुऊन, वाळवून, टाकणखार (बोरॅक्स) घालून त्यांनी मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, तापवला आणि मूस थंड झाल्यावर चिमट्यानं ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, पिवळाधमक मणी आत्यांच्या तळहातावर ठेवला. नुसत्या विसळलेल्या पाण्यातून एवढं निघालं.

तात्यांनी समजावून सांगितलं ते असं. एकट्या नायट्रिक ॲसिडला सोनं दाद देत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकलाही देत नाही. एकाला तीन या प्रमाणात दोन्ही एकत्र केली की मात्र सोनं विरघळतं. त्या मिश्रणाला रंग पिवळा-नारिंगी येतो आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो. सोनं नाहीसं होत नाही, त्या पाण्यात उतरतं. म्हणूनच चोर ते पाणी जिवापाड सांभाळतात. पॉलिश झाल्यावर घाण पाणी कुणी बाटलीत भरून घरी नेतं का? एवढी एकच गोष्ट कुणी विचारली, तरी त्यांच्याकडं उत्तर नसतं.

आणि ह्याच पोरांनी पुढं काय करावं? काही दिवसांनी त्याच गावात, त्याच बोळात परत आली आणि तात्यांच्या घरात शिरली. गलाईवाल्यांच्या विट्यात, चाळीस वर्षं ॲसिड हाताळलेल्या माणसापुढं सोनं धुऊन द्यायला! एकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर दुसऱ्याचा फोटो होता. तात्यांनी ओळख दाखवली नाही. सुनेला मागच्या दारानं शेजारी पाठवलं आणि स्वतः समई दिली, मग चांदीची वाटी दिली, वेळ काढत राहिले. बाटलीचं बूच उघडलं तसे शांतपणे म्हणाले, "एकास तीन घातलंयस का एकास चार?" पोरगा चटकन "तीन" म्हणून गेला.

पुढचं लगेच आटोपलं. दोघं बाहेर पळाले ते मोटारसायकलच्या बाजूला नाही, उलट्या दिशेला, आणि आमचा बोळ तिकडं भिंतीला संपतो. बोळातली सगळी माणसं बाहेर आली होती. कुणी हात उचलला नाही, तात्यांनी उचलू दिला नाही. 112 ला फोन आधीच गेला होता. बॅगेत तीन बाटल्या सापडल्या.

गुन्हेगार हुशार असतो असं आपण धरून चालतो. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये 1995 साली मॅकआर्थर व्हीलर नावाच्या माणसानं चेहऱ्याला लिंबाचा रस चोळून, तोंड न झाकता दोन बँका लुटल्या. लिंबाच्या रसानं कागदावर लिहिलेलं दिसत नाही, मग कॅमेऱ्यात आपला चेहराही दिसणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. तमिळनाडूत पनरुट्टीला 2020 मध्ये तिघांनी स्टेट बँकेची चक्क खोटी शाखा थाटली होती. एका ग्राहकानं खऱ्या शाखेत जाऊन नव्या शाखेबद्दल विचारलं आणि बिंग फुटलं. आमची पोरं त्यांच्याच जातकुळीतली. पण मूर्ख चोरानं नेलेलं सोनंही गेलेलंच असतं, आणि प्रत्येक बोळात तात्या नसतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा.

कुणी अशा पाण्यात दागिना बुडवलाच असेल तर ते पाणी, मग, फडकं काहीही टाकू नका, मोरीत ओतू नका, बोट घालू नका. खिडक्या उघडा आणि मुलांना लांब ठेवा. दागिने लगेच सराफाकडं नेऊन वजन करा आणि त्याचं लेखी घ्या. खरेदीची पावती शोधून ठेवा. पावतीवर वजन नसेल तर किती गेलं हे सिद्ध करायला त्रास होतो. हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक दागिन्यावर असेल तर तोही टिपून ठेवा. तक्रार देताना कलम कळत नाही म्हणून अडू नका: 1 जुलै 2024 पासून जुन्या 420 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 318 आलं आहे, बाकीची कलमं पोलीस लावतात. लाज वाटते म्हणून तर अजिबात थांबू नका. आमच्या तक्रारीत बांगड्यांचं वजन आणि पावती आधीच नोंदवलेली होती, म्हणूनच दुसऱ्या प्रकरणाशी ती लगेच जोडता आली.

त्या तीन बाटल्या आता पुराव्यात जमा आहेत आणि त्यांत आमच्या एकट्याचं सोनं नाही. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव भागात यंदा कुणाच्या घरी असं हळदीचं पाणी गॅसवर ठेवायला सांगितलं गेलं असेल आणि दागिना हलका झाला असेल, तर पावती घ्या, घरातल्या त्या बाईला सोबत घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जबाब द्या. ओळखपरेड होईल तेव्हा ओळखणारी माणसं जितकी जास्त असतील तितकं बरं.