मे डे बुकस्टोअर आणि स्टुडिओ सफदर, शादी खामपूर: दिल्लीत असाल तर जाच

दिल्लीला गेलेली आपली मंडळी लाल किल्ला, चांदणी चौक, सरोजिनी नगर करून परत येतात, पण नाटकाचं वेड असेल तर मेट्रोच्या ब्लू लाइनने शादीपूरला उतरा आणि विचारत विचारत शादी खामपूरच्या गल्ल्यांत शिरा. तिथे मे डे नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, लेफ्टवर्ड या डाव्या विचारांच्या प्रकाशनवाल्यांचं, २०१२ पासून चालू, आणि शेजारीच स्टुडिओ सफदर, म्हणजे जन नाट्य मंच या दिल्लीतल्या डाव्या पथनाट्य मंडळीची तालमीची नि छोट्या प्रयोगांची जागा. मॉलमधलं चकाचक दुकान डोक्यात ठेवून जाऊ नका, ही कष्टकऱ्यांची वस्ती आहे आणि म्हणूनच ही जागा मला इतकी आवडते.

जन नाट्य मंच, सगळे जनमच म्हणतात, १९७३ चं. आधी मोठी स्टेजवरची नाटकं करायचे. आणीबाणीनंतर युनियनांकडे पैसाच उरला नव्हता, मोठं नाटक कोण बोलावणार, मग यांनी नाटकच छोटं केलं! १९७८ चं 'मशीन' जेमतेम तेरा मिनिटांचं, ना सेट ना लाइट, नटांनी स्वतःच्या अंगानेच मशीन उभी करायची. त्यामागची घटना गाझियाबादच्या एका कारखान्यातली, कामगारांना हवं काय होतं तर सायकली लावायला जागा आणि चहाचं कॅन्टीन, एवढ्यासाठी गार्डांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले. हे वाचलं की अजूनही डोकं सुन्न होतं.

मग १ जानेवारी १९८९. साहिबाबादजवळ झंडापूरच्या कामगार वस्तीत जनमच्या 'हल्ला बोल' या पथनाट्याचा प्रयोग चालू असताना हल्ला झाला, राम बहादूर हा कामगार गोळी लागून गेला, दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी गेले, जनमच्या संस्थापकांपैकी एक, स्टुडिओला नाव त्यांचंच, वय फक्त ३४. आणि ४ तारखेला मलयश्री हाश्मी, म्हणजे सफदरची बायको, सगळ्यांना घेऊन त्याच जागी परत गेल्या आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. याच्यापुढे मी काय लिहिणार.

सुधन्वा देशपांडे, आपले नाटककार गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव, जनममध्ये वर्षानुवर्षं नट-दिग्दर्शक आहेत आणि लेफ्टवर्डचं कामही बघतात. सफदरवरचं त्यांचं 'हल्ला बोल' हे इंग्रजी पुस्तक घ्यायचं तर याच दुकानातून घ्या, ऑनलाइन दोन पैसे वाचवू नका. अण्णाभाऊ, अमर शेख, लाल बावटा कलापथक हे सगळं ऐकत वाढलेल्या माणसाला तर ते जास्तच भिडेल.

१ मेला जमलं तर सोन्याहून पिवळं, त्या दिवशी जुन्या पुस्तकांचा सेल, गाणी, नाटक असं दिवसभर चालतं. एरवी प्रयोग आहे का ते आधी बघून जा. आणि प्रयोगानंतर पैसे गोळा करायला आले तर खिशात हात घाला हो, सरकारचा नि कंपन्यांचा पैसा ही मंडळी घेत नाहीत, सगळं लोकांच्याच पैशावर चाललंय.