ब्रोदेर्सचं पोस्टर की धुरंधरांचं पोस्टकार्ड?

फ्रेंच चित्रकार रॉजे ब्रोदेर्सने १९२०च्या दशकात फ्रान्सच्या पीएलएम रेल्वेसाठी केलेली पोस्टर्स सुमारे १०० बाय ६२ सेंटिमीटरची. सपाट लिथो (दगडी छपाईचे) रंग, निळा समुद्र, बारकावे जवळजवळ नाहीतच. फलाटावरून घाईत जाणाऱ्याला दुरून दिसायला हवं ना! भिंतीवर लावायला झकास.

पण माझा जीव अडकतो मुंबईच्या पोस्टकार्डांत. जे.जे. कलाशाळेतले चित्रकार म. वि. धुरंधर माणसं रंगवत. लुगड्याचा काठ, चालण्यातला ठसका, सगळं तळहाताएवढ्या जागेत. शिवाय जुन्या कार्डांवर कुणाचं तरी हस्ताक्षर. ब्रिटनमध्ये १९०२पर्यंत मागे फक्त पत्ता चालायचा, म्हणून मजकूर चित्रावरच खरडलेला. संग्राहक अशा कार्डांना नाकं मुरडतात. मी मुद्दाम तीच शोधतो.