हाऊसिंगला 90 की 140? घाटात चालणाऱ्या गाडीसाठी गिअर ऑईल

ओळखीत कुणी टिपर किंवा दहाचाकी घेतली की पहिल्या ऑईल बदलीच्या आधी फोन येतो: मागच्या हाऊसिंगला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या पेटीला, 90 नंबरचं ऑईल (80डब्ल्यू-90) टाकू की जास्त दाट 140 (85डब्ल्यू-140)? हल्ली तिसरा पर्यायही पुढे आलाय, सिंथेटिक 75डब्ल्यू-90. तिन्ही मी माझ्याच गाड्यांत वापरून पाहिलेत. माझ्या गाड्या लांज्याकडचा चिरा भरून साखरप्यावरून आंबा घाट चढतात आणि कोल्हापुरात मिळेल ते भाडं घेऊन उतरतात. तेव्हा माझं मत घाटातलं आहे. पुणे-नागपूर सपाट रस्त्यावर चालणाऱ्याने ते थोडं बाजूला ठेवूनच वाचावं.

हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीला जीएल-5 दर्जाचं ऑईल लागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढं लक्षात असू द्या की जीएल-5 हा शिक्का तपासून परवाना देणारं कुणी नाही, बनवणारा स्वतःच तो डब्यावर छापतो. शक्य असेल तर त्याच्या जोडीला एसएई जे2360 हे मानक लिहिलेलं आहे का ते बघा. तिथे चाचण्यांचे निकाल तपासून मगच मान्यता मिळते. एवढं असेल तर सर्वो घ्या, एचपी घ्या, कॅस्ट्रॉल घ्या, मला तरी चालवताना फरक जाणवलेला नाही. फरक जाणवतो तो नंबरात.

80डब्ल्यू-90 च्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ऑईल पातळ, त्यामुळे क्राऊनने उडवलेलं ऑईल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत लवकर पोचतं. ही गोष्ट लहान नाही. चढावर गाडीचं नाक वर असतं, ऑईल हाऊसिंगच्या मागच्या अंगाला साचतं आणि पुढच्या बेअरिंगच्या वाट्याला कमी येतं. सकाळी थंड गाडी थेट चढाला लावणाऱ्याने याचा विचार जरूर करावा. हायवेला सलग वेगात पळणाऱ्या गाडीत जाड ऑईल घुसळून उलट गरम होतं, आणि डिझेलही थोडं जास्त जातं. लाईनच्या गाड्यांना लोक 90 टाकतात ते उगाच नाही.

मी 140 कडे वळलो तो ब्रेकच्या लायनरमुळे.

गाडी थोडी जुनी झाली की आत, चाकाच्या हबकडे ऑईल जाऊ न देणाऱ्या सीलच्या ओठाखाली खाच पडलेली असते. नवीन सील बसवलं तरी ते त्याच खाचेवर बसतं. 90 नंबर गरम झालं की तिथून झिरपतं, हबमधलं ग्रीस धुऊन काढतं आणि ड्रममध्ये उतरतं. बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. मग एक दिवस रिमच्या आतल्या बाजूला, बोल्टांच्या मागून टायरकडे गेलेला काळा ओघळ दिसतो, त्यावर धूळ चिकटून लेप झालेला असतो. चाक, हब, ड्रम उतरवावा, तर लायनर ऑईल पिऊन चकचकीत झालेला. पेट्रोलने धुऊन, जाळून तो परत बसवणारे आहेत, पण पहिल्या तापण्याला आतलं ऑईल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर बदलावे लागतात, नाहीतर ब्रेकला गाडी एका अंगाला ओढते. अर्धा दिवस गाडी उभी, मिस्त्रीची मजुरी, लायनरचा खर्च, आणि हे सगळं हाऊसिंगमधले गिअर ठणठणीत असताना. खर्चाचं एक वेळ सोडा. भरलेली गाडी घाट उतरत असताना एका चाकाला ब्रेक नाही ही गोष्ट मालकाला झोपू देत नाही, कारण स्टिअरिंगवर आपला माणूस बसलेला असतो.

85डब्ल्यू-140 टाकल्यापासून हा त्रास माझ्या गाड्यांत जवळजवळ थांबला. कागदावर त्याचं कारण सापडतं: 100 अंशांना 90 नंबरचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) 13.5 ते 18.5 सेंटीस्टोक असतो, 140 चा 24 ते 32.5. म्हणजे तापल्यावर हे जवळपास पावणेदोनपट दाट राहतं. थंडीचं म्हणाल तर 85डब्ल्यूची परीक्षा उणे 12 अंशांवर होते, आपल्याकडे सह्याद्रीत तेवढी थंडी पडत नाही. पिनियन बेअरिंगचं माझ्यापुरतं उत्तर असं, की गाडी सुरू करून चढाला लागण्याआधी थोडा सपाट रस्ता सावकाश चालवायची. ड्रेन प्लगच्या चुंबकावर दर बदलीला राखाडी लोण्यासारखा बारीक कीस मिळतो, तो चालतो. बोटाला टोचणारी कपची मिळाली तर हाऊसिंग उघडायलाच हवं, ऑईल कुठलंही असो.

नंबर बदलण्याआधी ब्रीदर मात्र नक्की बघा. हाऊसिंगच्या वरचं ते छोटं टोपण आमच्याकडे लाल मातीने लिंपून जातं. आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती ऑईलला सीलमधून ढकलते. अशा गाडीत 140 सुद्धा गळणारच.

सिंथेटिक 75डब्ल्यू-90 चांगलंच ऑईल आहे, तापल्यावर टिकतं, बदलीचं अंतर वाढतं. नवीन गाडी, सगळी सील कोरी आणि लांबचा रस्ता असेल तर मीही तेच सांगेन. लडाखकडे जाणाऱ्याला तर पर्यायच नाही. पण जुन्या हाऊसिंगमध्ये ते मला 90 पेक्षाही लवकर बाहेर येताना दिसलं, आणि महागाचं ऑईल लायनरवर गेलेलं बघवत नाही. शिवाय पावसाळ्यात पऱ्ह्या-ओढ्यातून, चिखलातून जाणाऱ्या गाडीच्या ऑईलमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं. मग अंतर कितीही शिल्लक असो, ओतून द्यावंच लागतं. वॉरंटीतल्या गाडीला अर्थात कंपनीच्या पुस्तकात असेल तेच टाका.

आता ट्रान्सफर केस, म्हणजे फोर बाय फोर गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी. हाऊसिंगसाठी 140 चा बॅरल आणला म्हणून फोर बाय फोर पिकअपच्या ट्रान्सफर केसमध्येही तेच ढकलायचं, असं करू नका. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑईल आतून एकमेकांत जातं, आणि गिअरबॉक्समध्ये गिअर सहज पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंगा असतात. जीएल-5 मधला गंधक पितळ खाऊ शकतो, म्हणून तिथे जीएल-4 चं 90 बरं. डॅशबोर्डवरच्या बटणाने फोर व्हील लागणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा आत साखळी आणि छोटा पंप असतो. त्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑईल) लागतं, दाट गिअर ऑईल तो पंप नीट ओढू शकत नाही. आमच्या शेडमध्ये 140, जीएल-4 चं 90 आणि एटीएफ या तिन्हींचे हातपंप वेगळे ठेवलेत आणि प्रत्येकाच्या नळीला वेगळ्या रंगाची टेप गुंडाळली आहे, कारण घाईत पोरगा जवळचा पंप उचलतो.